परदेशी जाण्याआधी एक गळीत हंगाम

सांगली,
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याच्या पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करते आहेस, आणि स्थलांतर, जातीजमातींचे नि वंशांचे आपसातले संबंध आणि आरोग्य हा विषय धरला आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. आपल्याकडच्या मुली डॉक्टर होतात, नर्स होतात, पण या वाटेला फार थोड्या जातात. तू जायचंच. पैशाचं कुठं अडलं तर मला सांगायचं, संकोच करायचा नाही.

पत्राच्या शेवटी मात्र तू लिहिलंयस, 'सांगलीत या विषयावर बघण्यासारखं काही नाही, म्हणून तोवर पुस्तकं वाचून घेते.' ते मला खटकलं. पुस्तकं जरूर वाच, यादी वेगळी पाठवते. पण तुझा विषय येत्या पंधरा दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आपल्या जिल्ह्यात येतो आहे.

बीड, जालना, परभणी, पाथर्डी, शेवगाव आणि आपल्याच जतमधून ऊसतोडीच्या टोळ्या आता निघत असतील. वाळवा, पलूस, कडेगाव, पलीकडं कराड, फलटण, जिथं कारखाना तिथं त्या उतरतील आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, राहतील. जगात दर आठ माणसांमागे एक जण आपलं मूळ ठिकाण सोडून राहतो, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या अहवालात मांडलं. त्यातले बहुतेक जण देशाची हद्द ओलांडतच नाहीत. आपल्या २०११ च्या जनगणनेत ४५ कोटींवर लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. (त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या बायकांचा भरणा मोठा आहे, हा आकडा वापरताना ते विसरू नकोस.) आणि तोडीवाल्यांसारखे सहा महिने इथं, सहा महिने तिथं राहणारे लोक अशा मोजणीत नीट सापडतच नाहीत. न सापडणारी ही माणसं हाच तुझा विषय आहे.

तेव्हा माझा सल्ला असा: तुमच्या गावाजवळचा एक तळ निवड आणि टोळ्या उतरल्यापासून परत जाईपर्यंत तिथं जात राहा. प्रश्नावली घेऊन जाऊ नकोस. उपकेंद्राच्या सिस्टरबरोबर, आशाताईबरोबर, त्यांच्या कामाला हात लावायला जा.

निदान काही वेळा तरी पहाटे जा. चारच्या सुमाराला बायका उठलेल्या असतात. तीन दगडांची चूल, पाचटाचा धूर, घाईनं थापलेल्या भाकरी, कारण उजाडायला फडात पोचायचं असतं. कोपीत वाकूनच शिरावं लागतं. बांबूच्या कामट्या, वर ताडपत्री, कडेनं पाचट. आत एक पत्र्याची पेटी, धान्याची पोती, गोधड्या, आणि जमिनीवर ओळीनं झोपलेली पोरं. पोरं जमिनीवर झोपलेली दिसली की मण्यार साप आठव. तिचा दंश रात्री झोपेत होतो, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. सकाळी मूल पोटात दुखतंय म्हणतं आणि त्याच्या पापण्या मिटायला लागतात. ज्या सिस्टरला हे ठाऊक असतं ती पोटदुखीची गोळी देत बसत नाही, सरळ गाडी बोलावते.

मग पाणी बघ. कुठून येतं, किती लांबून, कोण आणतं आणि कुणाच्या मर्जीनं. संडास शोध. बहुतेक ठिकाणी नसतो, बायका अंधार असताना कडेच्या उसात जाऊन येतात. दिवसा जायला लागू नये म्हणून पाणीच कमी पितात. लघवीची जळजळ, अंगावरून जाणं, पाठ भरून येणं हे सगळं तिथून सुरू होतं. त्यात कामाची रीत बघ. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल हंगामाआधीच घेऊन खर्च झालेली असते, आणि एक दिवस फडात गेलं नाही की खाडा धरून पैसे कापतात. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बायकोनं बांधायच्या आणि डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकात चढवायच्या. सातवा महिना असो, आठवा असो.

इथं मी जरा थांबते, कारण तुझ्या अभ्यासाचा गाभा मला इथं दिसतो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी सगळीकडं गाजली. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत हेच प्रमाण शेकडा तीनच्या आसपास येतं.

बातमी आली तेव्हा आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या माणसांकडून मी काय काय ऐकलं! 'त्यांच्यात तशी रीतच पडलीय.' 'त्या बायका अडाणी, डॉक्टर सांगेल तिथं अंगठा देतात.' मी ज्यांच्याशी बोलले त्या बायका अडाणी नव्हत्या, त्यांचा हिशोब पक्का होता. पाळीचे चार दिवस म्हणजे चार दिवस हाल, कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, आणि घरी बसलं तर खाडा. अंगावरून जातंय म्हणून खाजगी दवाखान्यात गेलं की कॅन्सरची भीती घातली जाते. साध्या गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग शस्त्रक्रियेपर्यंत जातो, खर्चाला मुकादमाकडून पुन्हा उचल, आणि ती फेडायला पुढचा हंगाम. तिशीच्या आत पिशवी गेलेली बाई पस्तिशीला कंबर धरून बसते, हाडं ठिसूळ होतात, घाम फुटतो, झोप उडते. पण कोयता सुटत नाही. या साखळीत जातीची किंवा जमातीची रीत कुठं आली? संडास बांधला असता, आजारपणाची रजा दिली असती, तळावर एक समंजस नर्स आली असती, तर साखळी तिथंच तुटली असती.

म्हणून एखाद्या समाजात एखादा रोग जास्त दिसला की आधी त्यांचं काम बघ, राहण्याची जागा बघ, पाणी बघ, मजुरी कशी मिळते ते बघ. त्यांच्या चालीरीती, खाणंपिणं आणि रक्त यांकडं त्यानंतर वळ. अहवाल लिहितानाही याच क्रमानं लिही.

याचा अर्थ जात, जमात, धर्म नोंदवूच नये असा मात्र घेऊ नकोस. काही भली माणसं तसं म्हणतात, मला ते पटत नाही. नोंदच केली नाही तर कोण वगळलं जातंय हे कधीच कळत नाही. कोविडच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये मृत्यू झालेल्या डॉक्टरांत बहुतेक जण आशियाई, आफ्रिकी, अरब वंशाचे होते. तिथं वंशाची नोंद ठेवतात म्हणून तर हे दिसलं आणि चौकशीची मागणी झाली. मग कुणी जनुकांत कारण शोधलं, कुणी ड जीवनसत्त्वात, आणि कुणी विचारलं की धोक्याच्या वॉर्डात ड्युटी कुणाला लागत होती, मास्क कमी आहे अशी तक्रार करायला कोण बिचकत होतं. नोंद करायची ती या शेवटच्या प्रश्नासाठी.

आता एक लांबचं उदाहरण, पण तेही उसाचंच. मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर निकाराग्वा, एल साल्वादोर, कोस्टा रिका या देशांत ऊस तोडणारे तरणेताठे पुरुष मूत्रपिंडं निकामी होऊन मरू लागले. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, वय तिशी-चाळिशी. मरणारे हजारांच्या घरात गेले. संशय आधी गावठी दारूवर गेला, कीटकनाशकांवर गेला, विहिरीच्या पाण्यावर गेला. सगळी कारणं अजून उलगडलेली नाहीत, पण उन्हातली जिवावरची मेहनत आणि अंगातलं पाणी आटणं हे मोठं कारण, यावर बहुतेक संशोधक आले आहेत. तिथंही मजुरी टनावर, म्हणून माणूस थांबत नाही. एल साल्वादोर आणि निकाराग्वात काही मळ्यांवर ठरल्या वेळी सक्तीची विश्रांती, हलवता येणारी सावली आणि पुरेसं पाणी देऊन बघितलं, तर मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली. हे उपाय करायला मोठं इस्पितळ लागलं नाही. आपल्याकडं तोड थंडीत सुरू होते, पण मार्चच्या उन्हातही ती चालूच असते. टोळी उतरताना आणि परतताना रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतं ते त्यावरून कळतं) तपासून ठेवता येईल का, हा प्रश्न प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरांना विचार. तुझ्या प्रबंधाला विषय हवाच आहे.

रोग 'बाहेरच्यांनी' आणला, ही समजूत कशी तयार होते हे समजून घ्यायचं असेल तर प्लेगाचा इतिहास नीट वाच. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला, लाखो माणसं शहर सोडून गावाकडं पळाली, आणि रोग रेल्वेनं आपल्या बाजूला पोचला. आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी त्या आठवणी होत्या: घरात उंदीर पडला की गाव उठायचं आणि रानात खोपी घालून राहायचं. तेव्हा केलेला १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्ये आपण पुन्हा वापरला.

त्या वेळी मुंबईत लस बनवणारा वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू. रशियन साम्राज्यात ज्यू म्हणून प्राध्यापक होण्याची वाट बंद, म्हणून देश सोडून पॅरिसला गेलेला. तिथं त्यानं पटकीची लस तयार केली, १८९३ मध्ये भारतात आला, आणि जानेवारी १८९७ मध्ये प्लेगाची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवालला लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वातानं मृत्यू झाला. बाटली गावातच उघडताना दूषित झाली असावी असे पुरावे होते, तरी ठपका हाफकिनवर आला. नोकरी गेली आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडावं लागलं. इंग्रज अंमलदारांच्या जगात तो शेवटपर्यंत परकाच राहिला. मुंबईच्या त्या संस्थेला आज त्याचं नाव आहे.

आता याच लशीचा दुसरा प्रवास बघ. १९०० साली प्लेग सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. पहिला मृत्यू चिनी वस्तीत झाला, तशी अधिकाऱ्यांनी अख्ख्या चायनाटाउनला दोर लावून येजा बंद केली. पण दोर असा वळवून नेला की वस्तीच्या कडेची गोऱ्यांची घरं-दुकानं बाहेर राहिली. मग फर्मान निघालं की आशियाई माणसाला शहराबाहेर जायचं असेल तर हाफकिनची लस टोचून घेतलीच पाहिजे. गोऱ्यांना ही अट नव्हती. चिनी रहिवासी कोर्टात गेले, आणि दोर आणि सक्ती दोन्ही भेदभावाचे म्हणून न्यायालयानं रद्द केले. तिकडं राज्याचा गव्हर्नर प्लेग आहे हेच नाकारत बसला, व्यापार बुडेल म्हणून. १९०४ पर्यंत ११९ माणसं मेली. १९०६ च्या भूकंपानंतर प्लेग पुन्हा आला तेव्हा रुग्ण बहुतेक गोरे होते. या वेळी वस्तीला दोर लावला नाही, उंदीर मारले, आणि साथ लवकर आटोक्यात आली. या दोन साथी शेजारी ठेवून वाच. तुझ्या अभ्यासक्रमात हा भाग येईलच, पण तिथं शिकवणारे कदाचित हाफकिनच्या मुंबईपर्यंत येणार नाहीत. वर्गात ते तू सांग.

आणि साताऱ्याचं एक नाव सांग. नायगावची लेक सावित्रीबाई. पुण्याच्या प्लेगात मुलगा डॉक्टर यशवंत याच्या मदतीनं त्यांनी गावाबाहेर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सरकारी शिपायांना आणि सवर्ण वैद्यांना ज्या वस्तीचा विटाळ होता, तिथं त्या स्वतः चालत गेल्या होत्या.

तू म्हणशील, हे सव्वाशे वर्षांपूर्वीचं. मग २०२० आठव. पाटण, जावळी, खटाव, माण इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडी काम करतात. त्यांच्या मनिऑर्डरींवर गावात देवळं उभी राहिली, शाळांना खोल्या झाल्या. टाळेबंदीत ती पोरं गावाकडं निघाली तर कितीतरी गावांनी वेशीवर काटेरी झुडपं टाकली, बांबू बांधले. 'मुंबईकर' एका आठवड्यात परका झाला, तोही सख्खा भाऊ. त्याच दिवसांत तबलिगी जमातीवर देशभर आग पाखडली गेली. पुढं ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. तोवर आपल्याकडं किती भाजीवाल्यांच्या गाड्या गल्लीतून हाकलल्या गेल्या ते तू पाहिलंस.

यातून माझं एक ठाम मत झालं आहे. तळावर संडास हवा, पाणी हवं म्हणून ग्रामपंचायतीकडं जाशील तेव्हा एक युक्तिवाद फार पटकन चालतो: 'यांना जुलाब झाले तर उद्या तुमच्या घरात येतील.' काम होतं, नळ मिळतो. तरी तो युक्तिवाद करू नकोस. नळ मिळतो आणि तोडीवाले म्हणजे रोगाचं घर ही समजूत गावाच्या मनात पक्की होते. पुढच्या वर्षी साथ आली की तीच समजूत त्या कोप्या पेटवायला निघते. त्यापेक्षा सरळ सांग की ही माणसं आपल्या उसासाठी आली आहेत, पाणी देणं आपलं काम आहे. कारखान्याला सांग, शेतकऱ्याला सांग. वेळ लागतो, पण लागू दे. कायद्याचा आधार तोकडा आहे हे मला माहीत आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता, बीडहून सांगलीला येणारी बाई त्यात बसतच नव्हती.

गावाशी तुसडेपणानं वागू नकोस. तुझ्या वयाला हे चटकन होतं, गाव म्हणजे वाईट आणि तळ म्हणजे गरीब बिचारा. आशाताईला तिच्या ठरलेल्या लोकसंख्येवर मोबदला मिळतो, तळ त्याच्या वर येऊन पडतो. अंगणवाडीताईचा शिधा गावातल्या मुलांच्या पटावर आलेला असतो. त्या चिडल्या तर ऐकून घे. पारध्यांचं पाल पडलं की चोरीचा संशय येतो, त्यावर मात्र गप्प बसू नकोस. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय अजून गेलेला नाही. पोलीस उचलतील या धास्तीनं पारधी बाई दिवस भरले तरी दवाखान्यात येत नाही, हे मी माझ्या नोकरीत अनेकदा पाहिलं.

विश्वास कसा मिळतो याचा मोठा धडा पोलिओच्या मोहिमेत आहे. उत्तर प्रदेशात मुस्लिम वस्त्यांत डोसाला नकार यायचा, हे थेंब पोरं होऊ नयेत म्हणून देतात अशी वदंता होती. लोक विचारायचे, 'बाकी कशाला येत नाही, गटार तुंबलंय त्याला येत नाही, दोन थेंब पाजायलाच बरे दर महिन्याला येता?' तो प्रश्न खरा होता. मोहिमेनं मग वस्तीतल्याच बायका कामाला घेतल्या, मौलवींशी बोलणी केली, बाकीच्या लशी, जुलाबाचे उपचार, स्वच्छता बरोबर नेली. आणि वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांची पालं यांच्या याद्या केल्या, स्टँडवर नि रेल्वेत पथकं बसवली. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. ज्यांना कुठल्याच यादीत जागा नव्हती त्यांना यादीत घेतल्याशिवाय हे झालं नसतं. उलट रोहिंग्यांचं बघ. १९८२ च्या कायद्यानं म्यानमारनं त्यांचं नागरिकत्व काढलं, पिढी लशीवाचून वाढली. २०१७ मध्ये सात लाखांवर लोक बांगलादेशात कॉक्स बझारला पळून आले आणि काही महिन्यांत छावण्यांत घटसर्प पसरला. साध्या त्रिगुणी लशीनं टळणारा रोग.

तळावर तू सगळ्यात जास्त वेळ कार्डांवर घालव. कोपीतल्या पेटीत तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधारकार्डाबरोबर बाळाचं लसीकरणाचं कार्ड असतं. बाई ते जिवापाड जपते. ते मागून घे, उघड, शेवटची लस कुठल्या तारखेची ते बघ. बहुतेकदा ऑक्टोबरपर्यंतच्या नोंदी सुरेख अक्षरात असतात आणि पुढं काही नसतं, मग थेट मे महिना. मधल्या काळात ते मूल आपल्या जिल्ह्यात होतं. ती मधली जागा भरणं हे काम. गरोदर बाईचा गावाकडचा नंबर लिहून घे आणि तिथल्या आशाताईला फोन लाव, दोघींची गाठ घालून दे. क्षयाचं तर फारच सांभाळ. साधा उपचार सहा महिन्यांचा, हंगाम पाच-सहा महिन्यांचा. औषध गावी सुरू झालं आणि माणूस इथं आला की खंड पडतो, खंड पडला की औषधाला न जुमानणारा क्षय होऊ शकतो. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद असेल तर उपचार इथल्या केंद्राकडं वर्ग करता येतो, पोषणासाठीचे महिन्याचे हजार रुपयेही चालू राहतात. रेशनही आता दुसऱ्या गावी उचलता येतं. सोयी कागदावर आहेत. माणसाला त्या माहीत नसतात, आणि कित्येकदा काउंटरवरच्या माणसालाही माहीत नसतात.

आता तुझ्या घरचं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, सगळा दुष्काळी भाग. पाऊस नाही म्हणून तुमच्या आजोबांच्या पिढीनं मूस नि भट्टी घेतली आणि गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात केरळपासून दिल्लीपर्यंत पसरली. तू स्वतः त्रिशूरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलीस. वर्गात मल्याळम येत नव्हतं म्हणून मागच्या बाकावर बसलीस, हे तूच मला सांगितलंस. तुझे वडील तेजाबाच्या तपकिरी धुरात सोनं शुद्ध करतात, दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथं एकच खिडकी आहे. तिथल्या दवाखान्यात त्यांना खोकला कसला म्हणून विचारलं तर कुणी कामाबद्दल विचारतं का? यंदा ते सुट्टीला आले की मिरजेला छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाची तपासणी करून घे, आणि खोलीला बाहेर हवा फेकणारा पंखा बसवायचा हट्ट धर. केरळनं २०१७ मध्ये परराज्यातल्या कामगारांसाठी आवाज नावाची आरोग्य विमा योजना काढली. महाराष्ट्राला हंगामी कामगारांसाठी त्यातलं काय घेता येईल, यावरही तू लिहू शकतेस. तुझ्याइतकं दोन्ही बाजूंनी हे पाहिलेलं माणूस मला दुसरं माहीत नाही.

आणि एक. ब्रिटनला सहा महिन्यांवर राहायचं तर व्हिसासाठी आपल्याला क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते, छातीचा एक्स-रे काढतात. तुलाही त्या रांगेत उभं राहावं लागेल. राग मानू नकोस, नियम म्हणून त्यात तथ्य आहे, तपासणीनं रोग लवकर सापडतो. पण तिथं आपल्याशी कसं बोलतात, थांबायला कुठं बसवतात, निकाल कसा सांगतात, याची नोंद ठेव. आपण तळावर लोकांना तपासतो तेव्हा कसे वागतो ते तिच्याशी ताडून बघ.

आता लगेच करायचं ते लिहिते. या आठवड्यात कारखान्याच्या शेती ऑफिसला जा आणि गटवार टोळ्यांची यादी माग: मुकादमाचं नाव, कोयते किती, उतरणार कुठं. ते टाळाटाळ करतील, तेव्हा स्लिप बॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, भेट, त्याला सगळं ठाऊक असतं. यादीत फक्त कोयते असतील, मुलं नसतील, म्हणून टोळी उतरली की दुसऱ्याच दिवशी सिस्टरबरोबर जाऊन गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची मुलं स्वतंत्र लिहून काढ. मग मला फोन कर. लशीचे डोस, लोहाच्या गोळ्या आणि तळावर जायचे वार यांचा हिशोब आपण दोघी बसून करू, म्हणजे मेडिकल ऑफिसरांच्या महिन्याच्या बैठकीआधी तो त्यांच्या टेबलावर असेल.

तुझी,
डॉक्टर मावशी